तीन हजार एकशे बारा थांबे

आमच्या कामात वाचायला परवानगी होती, बोलायला नव्हती.

टेबलाच्या एका बाजूला वाचणारा बसायचा, दुसऱ्या बाजूला पडताळणारा. वाचणारा एक ओळ मोठ्याने वाचायचा. पडताळणारा आपल्या कागदावर तीच ओळ बघत जायचा, त्या ओळीने मागच्या ज्या ओळींचा आधार घेतलेला असेल त्या काढून बघायचा, आणि सगळं जुळलं की पेन्सिलीने टिक करायचा. वाचताना वाचणाऱ्याला काही खटकलं तर त्याने तोंडाने सांगायचं नाही. सांगितलं की दुसऱ्याचं डोकं त्याच वाटेने जातं, मग दोन माणसं बसवून उपयोग काय? खटकलं तिथे फक्त गप्प व्हायचं. त्याला आम्ही थांबा म्हणायचो. थांबा ओळखायचा आणि चूक स्वतः शोधायची हे पडताळणाऱ्याचं काम. त्याच्या लक्षात आलं नाही, तर वाचणारा ओळ पहिल्यापासून वाचून पुन्हा तिथेच थांबायचा. असं तीनदा. तीनदा थांबूनही समोरच्याने टिक केली तर पुढची ओळ घ्यायची. त्या ओळीबद्दल नंतरही, चहाच्या वेळेलाही, अवाक्षर काढायचं नाही.

माझी बायको वाचायची. शेवटचे पाच महिने मी तिचा पडताळणारा होतो.

ओळी होत्या एका जुन्या गणिताच्या. दोनाहून मोठी कुठलीही सम संख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची बेरीज असते. दहा म्हणजे तीन आणि सात. अठ्ठावीस म्हणजे पाच आणि तेवीस. शाळेतल्या पोरालाही समजतं. जेवढ्या संख्या तपासल्या तेवढ्या सगळ्या अशाच निघाल्या, पण सगळ्याच्या सगळ्या अशा असतात हे कित्येक पिढ्या कोणाला सिद्ध करता आलं नव्हतं. मग यंत्राने सिद्धता दिली. एकाहत्तर लाख ओळींची. एका माणसाने वाचायची म्हटली तर जन्म पुरणार नाही. पण माणसांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुठलीही सिद्धता मानायची नाही असा कायदा होता, म्हणून साठ जोड्या बसवल्या. आठ वर्षं काम चाललं.

यंत्राला आम्ही जावई म्हणायचो. सगळ्यात थंड खोली त्याला, काय बोलतो ते कोणाला कळायचं नाही, आणि तुमचं चुकलं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आम्हा जोड्यांपैकी कोणालाही ते गणित येत नव्हतं. यायची गरज नव्हती. अकरा नियम पाठ असले की झालं. मी आधी छापखान्यात वेळापत्रकं आणि परीक्षांचे निकाल तपासायचो. ती टेलिफोनच्या कचेरीत होती. आकडे वाचावेत तर तिने. सपाट आवाज, कुठे चढ नाही, उतार नाही. तिची पडताळणारी एक चष्मेवाली बाई होती, तिला सगळे खोडरबर म्हणायचे, कारण ती स्वतःची टिकसुद्धा तीन वेळा पुसून मग ठेवायची. मी चार टेबलं सोडून दुसऱ्या एका म्हाताऱ्याबरोबर बसायचो. नवरा-बायकोला एका टेबलावर बसवायचं नाही असा नियम होता. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

सातव्या वर्षी बायकोची फुफ्फुसं आखडायला लागली. जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, घरी बसा. ती म्हणाली, "घरी बसून काय करू? भिंत वाचू?"

मोठ्या बाई म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुख. त्यांना मी अर्ज दिला. तिला घरून वाचू द्या, आणि मला तिचा पडताळणारा करा. खोडरबर म्हणाली, "मी येते की त्यांच्या घरी. दोन बसचं तर अंतर आहे." मी नको म्हणालो. रोज परकं माणूस घरात, तिला औषधं द्यायची, पाठ चोळायची, मधेच कपडे बदलायचे. आणि मला तिच्याजवळ राहायचं होतं. मोठ्या बाईंनी दोन दिवस घेतले आणि सही केली.

आम्ही स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीशी ओढलं. एका बाजूला ती आणि तिचं ऑक्सिजनचं यंत्र, दुसऱ्या बाजूला मी, मधे रेकॉर्डिंगची डबी. डबी सतत चालू असायची; ओळ सुरू करताना आणि संपवताना ती खुणेसाठी बटण दाबायची. कचेरीत दिवसाला साठ ओळी व्हायच्या. घरी पंचवीस, कधी तीस. पाच महिन्यांत तीन हजार चारशे ओळी झाल्या. आमच्या भागाची शेवटची ओळ झाली तो शुक्रवार होता. पुढच्या गुरुवारी ती गेली.

त्यानंतर सात आठवड्यांनी मोठ्या बाईंनी बोलावलं. खोलीत खोडरबर बसली होती.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "शेवटच्या भागात दोन ओळी समोरासमोर आल्यात. एक म्हणते अमुक प्रकारची संख्या आहे, दुसरी म्हणते नाही. म्हणजे मागे कुठेतरी चुकीची ओळ टिक होऊन पुढे आली. माग काढत काढत आम्ही तुमच्या भागापर्यंत आलोय."

"आमच्या?"

"तुमच्या घरच्या. तीन हजार चारशेपैकी एक. नवी जोडी बसवायची तर दोन-तीन महिने लागतील. आमच्याकडे वीस दिवस आहेत, मग ही इमारत दुसऱ्या खात्याला जाणार. वेळेत ओळ सापडली तर दुरुस्त होते का ते गणितवाले बघतील. नाही सापडली तर आठ वर्षांचं काम रद्द."

"मग थांबे बघा ना," मी म्हणालो. "तिला खटकलं असेल तर ती थांबली असेल."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मोठ्या बाईंनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. रेकॉर्डिंगमधून यंत्राने काढलेली यादी होती. ओळीच्या मधे पाच सेकंदांहून जास्त गप्प राहिलं की यंत्र ते थांबा म्हणून नोंदवतं. चांगल्या जोडीचे महिन्याला पाच-सहा होतात.

आमचे तीन हजार एकशे बारा होते.

"तिला दम लागायचा," मी म्हणालो.

"ते कळतंय. पण त्यातला दम कुठला आणि शंका कुठली, ते यंत्राला कळत नाही. मलाही कळत नाही."

खोडरबर म्हणाली, "तुम्हाला तेव्हा कळायचं का?"

खरं सांगायचं तर त्या पाच महिन्यांत ती थांबली की मी पाण्याचा पेला पुढे करायचो, उशी नीट करायचो, ऑक्सिजनची नळी बघायचो. कागदाकडे बघायचं माझ्या मनातही यायचं नाही.

"तुम्ही नवरा म्हणून ऐकत होतात," खोडरबर म्हणाली. "मी ऐकायचा पगार घेत होते."

"पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "बसाल का ऐकायला? नाही म्हणालात तरी मी समजू शकते."

मला वाटलं होतं की ती गेल्यावर आता काही उरलं नाही. पण तिथे बसल्या बसल्या एकच गोष्ट डोक्यात शिरली आणि निघेना. ती मला काही सांगत होती का? आणि मी तिला पाणी देत होतो का? ते गणित खरं निघो की खोटं, मला त्याचं काही नव्हतं. मी हो म्हणालो.

ऐकायची खोली म्हणजे पूर्वीची कागद ठेवायची खोली. एक टेबल, हेडफोन, भिंतीवर पाण्याचे जुने डाग. कान तयार व्हावा म्हणून मोठ्या बाईंनी मला पहिल्या दिवशी दोन वर्षांपूर्वीची एक ओळ ऐकवली. तेव्हा बायको धडधाकट होती आणि समोर खोडरबर होती. बायको वाचत होती, एक शब्द पूर्ण झाला आणि ती थांबली. मागे कुठल्याशा टेबलावरचं वाचन ऐकू येत होतं. मग खोडरबरचा आवाज, "हं, थांबा घेतला." कागद उलटल्याचा आवाज. चाळीस सेकंद. "सापडली. नियम चार लागत नाही." बायको काहीच बोलली नाही, पण खुर्ची करकरली. खुश झाली की ती खुर्चीत मागे रेलायची.

माझ्या टेबलावर तिची खुर्ची करकरल्याचं मला एकदाही आठवलं नाही.

मी दिवसाला दीडशे थांबे ऐकत होतो. दोन-तीन दिवसांत मला दम ओळखता यायला लागला. दम लागण्याआधी तिचा आवाज खाली जायचा, शब्द अर्धा तुटायचा, मग आत ओढलेला श्वास, त्यात बारीक शिट्टी. पाच सेकंद, आठ सेकंद, कधी वीस. मग माझा आवाज, "सावकाश." पुन्हा माझा आवाज, "पाणी?" तिचं "हं". पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज. हे मी शेकडो वेळा ऐकलं. स्वतःचा आवाज मला असह्य व्हायला लागला. सारखा मधेमधे. सारखी माझी काळजी.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. रोज दुकान सुटलं की ती येऊन डबा ठेवायची आणि मी खाईपर्यंत समोर बसायची. सहाव्या की सातव्या दिवशी तिचा बांध फुटला.

"बाबा, आई तिथे मरत होती आणि तुम्ही दोघं बेरजा करत होतात. आता ती नाहीये तर तुम्ही एकटे करताय."

"तिलाच वाचायचं होतं गं."

"तिला वाचायचं होतं! तुम्हाला नव्हतं? दवाखान्यात दाखल करा म्हटलं तर तुम्ही काय म्हणालात? भाग पूर्ण होऊ दे."

"ती म्हणाली तसं."

"तुम्ही दोघंही म्हणालात. एकाच आवाजात. नेहमीसारखं." तिने डब्याचं झाकण जोरात लावलं. मग हळूच म्हणाली, "कशी ऐकू येते?"

"काय?"

"आई. त्या रेकॉर्डिंगमध्ये."

"आकडे वाचते."

"ते माहितीय हो. आवाज कसा आहे?"

"दमलेला," मी म्हणालो. ती उठून नळ सोडून उगाच भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

बाराव्या दिवशी दुपारी थांबा क्रमांक सतराशे सत्तर आला.

शब्द पूर्ण झाला. आवाज खाली गेला नव्हता. श्वास ओढल्याचा आवाज नाही, शिट्टी नाही, फक्त ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर. ती श्वास धरून बसली होती. ज्या बाईला एकेक श्वास ओढून घ्यावा लागत होता तिने नऊ सेकंद श्वास धरला होता. मग माझा आवाज, "सावकाश. घाई नाही."

ती ओळ पहिल्यापासून वाचायला लागली. मी रेकॉर्डिंगवर काही म्हटलेलं नाही. दम लागल्यामुळे पुन्हा सुरुवात करते आहे असं मला वाटलं असणार. सतराशे एकाहत्तर. त्याच शब्दावर. अकरा सेकंद. "पाणी देऊ का?" "नको." तिने नको म्हटलं होतं. पाच महिन्यांत ती पाण्याला नको म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

तिसऱ्यांदा ओळ पहिल्यापासून. सतराशे बाहत्तर. त्याच शब्दावर. या वेळेला ती सव्वीस सेकंद थांबली. मधे टेबलावर काहीतरी हलल्याचा आवाज आहे. मग माझा आवाज, "अगं, राहू दे आजच्यापुरतं. झोप थोडी." आणि तिचा आवाज, "नाही. चालू दे."

मग माझी पेन्सिल.

मी हेडफोन काढले आणि ओळ काढून बघितली. त्या ओळीने मागच्या एका ओळीचा आधार घेतला होता. मागची ओळ फक्त विषम संख्यांबद्दल होती. या ओळीने ती सगळ्या संख्यांना लावली होती. मागची ओळ उघडून बघितली असती तर दुसऱ्या शब्दावर कळलं असतं. मी ती उघडलीच नव्हती. वीस वर्षं छापखान्यात काढली, स्वल्पविराम सोडला नाही, आणि ही टिक माझी.

तारीख बघितली. मंगळवार होता. त्या मंगळवारचं मला काहीही आठवत नाही. चहा कधी झाला, ती काय बोलली, माझ्याकडे कशी बघत होती, काही नाही. मी तिच्या समोर दोन हातांवर बसलो होतो.

मोठ्या बाईंनी ओळ लगेच गणितवाल्यांकडे पाठवली. मी रोज येऊन खाली फाटकाशी बाकावर बसायचो. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर बोलावलं. खोडरबर दाराशी उभी होती, आत आली नाही.

"दुरुस्त होत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "सव्वीस लाख ओळी त्या एका ओळीवर उभ्या आहेत. तेव्हाच धरली असती तर जावयाने दुसरी वाट काढली असती, तेव्हा वेळ होता. आता तो बंद करायचा हुकूम आलाय. ते गणित होतं तिथेच राहिलं."

त्यांनी एक छापील कागद पुढे ठेवला. चुकीच्या ओळीची नोंद. ओळीचा क्रमांक, दिनांक. खाली दोन रकाने. वाचणाऱ्याने थांबा घेतला होता का? पडताळणाऱ्याने दखल घेतली का?

"पहिल्या रकान्यात 'नाही' लिहिलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या. "तीन हजार थांब्यांतले तीन. दम होता म्हणू. कोणी विचारणार नाही. मग दोष कोणावरच येत नाही, आजारावर जातो."

"आणि 'हो' लिहिलं तर?"

"तर तुमच्यावर. आणि ते कायमचं राहील. अर्ज मंजूर केला म्हणून माझ्यावरही थोडं."

मी पहिल्या रकान्यात होय लिहिलं, दुसऱ्यात नाही लिहिलं. सही केली. बाईंनी कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, "आणखी एक आहे. सांगू का नको, ते कळत नाहीये."

"सांगा."

"जावयाने तीच चूक तुमच्याच भागात पुढे आणखी दोनदा केलीय. अक्षरशः तीच ओळ, फक्त क्रमांक वेगळे. पहिली तीन आठवड्यांनी, दुसरी शेवटच्या शुक्रवारी. यादीत त्या ओळींवर थांबा नाही."

मी वर ऐकायच्या खोलीत गेलो. खोली रिकामी करायला दोन माणसं आली होती, त्यांना मी अर्धा तास मागितला. आधी मी यादीतले राहिलेले थांबे चाळले, सतराशे त्र्याहत्तरपासून पुढे. एकूण तेराशे चाळीस. सगळे ऐकायला वेळ नव्हता, अधूनमधून पन्नासेक ऐकले. प्रत्येक ठिकाणी शब्द तुटलेला, श्वासात शिट्टी. सगळा दम. त्या मंगळवारनंतर शंकेचा थांबा मला एकही सापडला नाही.

मग त्या दोन ओळी ऐकल्या.

पहिली तिने सरळ वाचली. ज्या शब्दावर ती तीन वेळा थांबली होती, तो शब्द इतर शब्दांसारखा येऊन गेला. तिने चूक ओळखली नसेल असं मी म्हणू शकत नाही. तिला महिन्यापूर्वीची ओळ आकड्यासकट पाठ असायची.

दुसरी शेवटच्या शुक्रवारची. तिचा आवाज जवळजवळ नाहीच, पण तेवढ्या ओळीत ती कुठेही अडकली नाही. मधे मी काही बोललोही नाही. ओळ संपली, बटणाचा आवाज आला, पेन्सिलीचा आवाज आला.

"केली टिक?" तिने विचारलं.

"केली," मी म्हणालो.

मग ती पुढची ओळ वाचायला लागली.